पपनस, कडूपणा आणि लोणी: ब्रूपबमधल्या पेल एलच्या परीक्षणाच्या नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

मी चौदा वर्षे दुधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केले. सकाळी उठून लोणी, ताक, चक्का हुंगायचा, चाखायचा आणि वहीत लिहायचे, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. पुण्यातल्या एका ब्रूपबचे, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणाऱ्या पबचे, ब्रूअर (बीअर बनवणारे) माझ्या भावाचे जुने मित्र आहेत. त्यांची पेल एल, म्हणजे हॉप्सच्या (बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) चवीची फिकट बीअर, गेले काही महिने अडून बसली आहे. गिऱ्हाईक पहिला ग्लास घेते आणि दुसरा मागवताना गव्हाच्या बीअरकडे वळते. विचारले तर म्हणते, "चांगली आहे, पण काहीतरी जड वाटते." या "काहीतरी"वरून ब्रूअरला काय दुरुस्त करता येणार? ते मला म्हणाले, "ताई, तुमचं नाक तयार आहे. आमच्या पोरांना चाखायला शिकवा." मी हो म्हटले.

काम असे ठरले: नोकरवर्गातले पाच, नेहमीच्या गिऱ्हाइकांतले तीन आणि मी, असे नऊ जणांचे मंडळ. सगळे एकवीस वर्षांवरचे, कारण महाराष्ट्रात बीअरसाठी वय २१ लागते. येणे-जाणे रिक्षाने, गाडी कोणीही आणायची नाही. पेल एलमध्ये नेमके काय बिघडते ते शोधायचे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा चाखून पाहायचे. मुदत सहा आठवडे. (प्रत्यक्षात आठ लागले.)

गुणांसाठी बीजेसीपी या बीअर परीक्षकांच्या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता घेतला: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण मत १०. त्यांच्या अमेरिकन पेल एलच्या चौकटीत कडूपणा ३० ते ५० आयबीयू (कडूपणा मोजायचे एकक) आणि अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के बसते. आमची बीअर सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीला (साखरेमुळे आलेल्या दाटपणाच्या मापाला; साखर आंबत जाते तसे ते उतरते) १.०५२, हिशेबाने ३८ आयबीयू आणि ५.२ टक्के. कागदावर बिनचूक. हॉप्स कॅस्केड आणि सिट्रा या दोन जातींचे. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेव्हाडा या ब्रूअरीने जी पेल एल काढली, तिच्यामुळे कॅस्केडचा वास आणि हा बीअरप्रकार यांची जोडी जमली. आमचे ब्रूअरही डोळ्यांपुढे तीच ठेवून पाककृती बांधतात.

५ जून, गुरुवार

पहिली बैठक. जवळजवळ सगळे चुकले. पुढे कोणी हे करायला घेतले तर त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून चुका लिहून ठेवते.

वेळ रात्री आठची ठेवली. बाहेर गाणी चालू, शेजारच्या टेबलावर चिकनचे तंदुरी ताट. दोघे जण नुकतेच मिसळ खाऊन आलेले, म्हणजे जिभेवर तिखटाचा थर. एकाने अत्तर लावलेले. बीअर थेट टॅपवरून, पिंट ग्लासात, ४ अंशांवर. इतक्या गार बीअरला वास येतच नाही. टॅपवर नाव दिसत होते, ब्रूअर समोर हात बांधून उभे होते. आपल्या साहेबांच्या बीअरला कोण कमी गुण देणार?

गुण आले २८ ते ४६. वासाच्या रकान्यात नऊपैकी सात जणांनी "छान" एवढेच लिहिले. एकाने "फ्रूटी". मी स्वतः ३८ दिले आणि लिहिले, "मऊ, मलईदार." हे शब्द मुद्दाम जसेच्या तसे ठेवते आहे, पुढे लागतील.

एक संध्याकाळ आणि नऊ पिंट गेले. हाती काही नाही.

८ जून, रविवार

आजपासून वेळ सकाळी साडेअकराची. पब बारानंतर भरतो, आणि जेवणापूर्वी जीभ ताजी असते.

ग्लास धुणाऱ्या मावशी स्वतः बीअर पीत नाहीत. मी मोरीपाशी उभी असताना त्या म्हणाल्या, "ताई, ह्याच बीअरचे ग्लास लोणी कढवल्याच्या भांड्यासारखे वास मारतात. बाकीच्यांचे नाही." आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला की ग्लास तुपकट राहतात. लगेच कामाला लागलो.

ग्लास तपासायची सोपी युक्ती आहे. ग्लास आतून ओला करायचा, पाणी झटकायचे आणि आत बारीक मीठ भुरभुरायचे. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखे चिकटते. जिथे तेलाचा किंवा साबणाचा थर असेल तिथून ते घसरते आणि काच टकलासारखी उघडी दिसते. दहा ग्लास घेतले. चारांवर अशी उघडी बेटे निघाली, एकावर तर चार बोटांचा ठसा स्पष्ट. कारण लगेच सापडले: किचनची ताटे आणि बीअरचे ग्लास एकाच घासणीने घासले जात होते आणि वर त्याच फडक्याने पुसले जात होते.

उपाय असे केले. ग्लासांना वेगळा ब्रश, फडके बंद, जाळीवर पालथे घालून वाळवणे. चाखण्यासाठी ट्यूलिपच्या आकाराचे छोटे ग्लास घेतले, २४ नग, २,२८० रुपये. फ्रीजरमध्ये ग्लास ठेवायचे नाहीत, कारण तिथल्या सुरमईचा वास काचेवर बसतो. दुपारी फेसाची जाळी ग्लासच्या आत टिकायला लागली, प्रत्येक घोटाला एक कडे. ते बघून सगळ्यांना बरे वाटले.

चूक इथे झाली. मावशींना पुन्हा विचारायला हवे होते, "आता वास गेला का?" मी विचारले नाही. फेस सुधारला म्हणजे प्रश्न मिटला असे धरून चालले. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी तीन आठवडे गेले.

११ जून, बुधवार

आज बीअर अगदी थोडी, शब्द जास्त.

मंडळातल्या मुलांना वास कळत नाहीत असे नाही. त्यांना वाटते की बीअरच्या वासाला इंग्रजी नावेच द्यायची असतात. तक्त्यात ग्रेपफ्रूट, पाइन, लिची असे लिहिलेले. ज्याने ग्रेपफ्रूट उभ्या आयुष्यात सोललेले नाही त्याने ते ओळखायचे कसे? म्हणून सकाळी मंडईत जाऊन आले. मोसंबी, ईडलिंबू, एक कैरी, रायवळ आंबा, पेरू, गवती चहा, कांद्याची पात, मेथीची जुडी. पूजेच्या सामानाच्या दुकानातून राळ. एकूण ३१० रुपये. ग्रेपफ्रूटला सगळ्यात जवळचे आपले फळ पपनस, पण ते जूनमध्ये मिळत नाही. गणपतीच्या सुमारास येते. सध्या मोसंबीच्या सालीवर भागवले.

मग ब्रूअरनी फॉइलच्या पाकिटातून हॉप्सच्या गोळ्या काढल्या. दिसायला पशुखाद्याच्या कांड्यांसारख्या, हिरव्यागार. प्रत्येकाच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि दोन्ही हात एकमेकांवर घासायला सांगितले. गोळ्यांचा भुगा होतो, तळवा चिकट होतो, आणि उबेने वास उठतो. मी नुसते विचारले, "टेबलावरच्या कशाची आठवण येते?" कॅस्केडला पहिले उत्तर आले मोसंबीच्या सालीचे. मग काउंटरवरच्या मुलाने राळेचा खडा उचलला आणि म्हणाला, "हे पण आहे, मागे." सिट्राला कोकणातली मुलगी लगेच बोलली, "आंब्याच्या देठाचा चीक." आंबा नाही, आंब्याचा चीक. माझ्या अंगावर काटा आला. सहा दिवसांपूर्वी हीच मुलगी "छान" लिहून मोकळी झाली होती.

कडूपणासाठी मेथी चावली, कारल्याची चकती चावली. कारले कडू असते आणि पाण्याच्या घोटाने उतरते. मेथीचा कडूपणा जिभेच्या मागे बसून राहतो. पेल एलचा कडूपणा घोट गिळल्यावर वर यावा आणि दहा-पंधरा सेकंदांत उतरावा, एवढी खूण ठरवली. म्हणूनच बीअर चाखताना थुंकत नाहीत, गिळतात. घोट मात्र लहान, एका नमुन्याचे ६० मिलिलिटर पुरते. मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे.

१५ जून, रविवार

दोषांची ओळख. बाहेर दोष ओळखायला शिकवणाऱ्या कॅप्सूल मिळतात, पण महाग आहेत. आम्ही घरगुती मार्ग काढला. साधी, फारसा वास नसलेली लागर बीअर घेतली आणि एकेका जगमध्ये (ओतायच्या भांड्यात) एकेक दोष घातला.

बेकरीच्या सामानाच्या दुकानातले बटर इसेन्स, लिटरला दोन थेंब. हा डायअसेटिलचा, म्हणजे बीअरला लोण्याचा वास देणाऱ्या द्रव्याचा वास, थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा. केळ्याचे इसेन्स, एक थेंब. डबाबंद मक्याचे पाणी, एक चमचा, म्हणजे उकडलेल्या कणसाचा वास. हॉप्सवाल्या बीअरचा एक ग्लास गच्चीवर उन्हात. नशिबाने ढग वीस मिनिटे बाजूला झाले, तेवढ्यात केस जळल्यासारखा वास आला. आठ दिवसांपूर्वी अर्धी ओतून बूच लावून ठेवलेली बाटली: भिजलेला पुठ्ठा आणि थोडा मध. इसेन्सचा खर्च १४० रुपये.

दोन गोष्टी निघाल्या. एकाला बटरचा वास सहा थेंबांपर्यंत आलाच नाही. असे लोक असतात. त्याला मंडळातून काढले नाही, फक्त या एका दोषाच्या बाबतीत त्याचे मत मोजायचे नाही असे लिहून ठेवले.

दुसरी गोष्ट माझी. बटरचा जग मी वास घेताक्षणी ओळखला. ओळखणारच. पण माझ्या कागदावर मी लिहिले होते, "मलईदार, मऊ, चांगले." चौदा वर्षे ज्या वासाला मी चांगल्या लोण्याची खूण म्हणून गुण देत आले, त्याच वासाला बीअरमध्येही गुण देत होते. ५ जूनचा कागद काढला. तिथेही तेच शब्द. बैठक संपल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. ज्या नाकाच्या भरवशावर मला बोलावले, तेच या कामात एका बाजूला झुकलेले होते. आजपासून माझे गुण सरासरीत धरायचे नाहीत असे मीच सांगितले. माझ्या जागी किचनमधली एक मुलगी नववी म्हणून आली.

१८ जून, बुधवार

पहिली खरी आंधळी चाचणी. नमुने मी मागच्या खोलीत ओतले. क्रमांक १, २, ३ दिले की लोक पहिल्याला जास्त गुण देतात, म्हणून तीन आकडी कोड: ४७२, ८१६, २३९. बीअर ग्लासात ओतून आठ अंशांवर येईपर्यंत थांबलो. आधी वास, आपापल्या कागदावर, कोणी कोणाशी बोलायचे नाही.

४७२ म्हणजे अकरा दिवसांपूर्वी भरलेल्या केगची (बीअरच्या पिंपाची) बीअर, काउंटरच्या टॅपवरून. ८१६ आणि २३९ ही एकच बीअर, दोन दिवसांपूर्वी भरलेल्या केगमधून थेट काढलेली. एकच बीअर दोनदा द्यायची, म्हणजे कोणाचे गुण किती भरवशाचे ते कळते. पाच जणांचे दोन्ही गुण तीनच्या आत राहिले. तिघांचे आठ-आठने हलले. एकाचे पाचने.

४७२ ची सरासरी २७. ताज्या केगची ३५. आणि ४७२ च्या कागदांवर, बटरचा वास येणाऱ्या आठांपैकी सहा जणांनी लिहिले: लोणी, पॉपकॉर्न, "शेव तळल्यासारखं", परत लोणी.

मी धावत मोरीपाशी गेले. मावशी म्हणाल्या, "मी तर तेव्हाच सांगितलं होतं." ग्लासचा वास कधी गेलाच नव्हता. तो ग्लासचा नव्हताच.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या शहरात. रस्ते बंद, मंडळातले चौघे वारकऱ्यांना पाणी वाटायला गेले. बैठक नाही.

२४ जून, मंगळवार

१८ तारखेच्या चाचणीत मी एक ढोबळ चूक केली होती. जुना केग टॅपवरून आणि नवा थेट, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. मग लोणी जुन्या केगमुळे की टॅपच्या नळीमुळे? सगळ्यांचे एकमत नळीवर. अस्वच्छ नळीत जिवाणू वाढतात आणि काही जिवाणू डायअसेटिल करतात, हे खरे आहे. नळी दर चौदा दिवसांनी कॉस्टिकच्या दोन टक्के द्रावणाने पंधरा मिनिटे फिरवून धुवायची असते. इथली शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची.

कालचा आणि आजचा दिवस त्यात गेला. सहाही नळ्या धुतल्या, टॅप उघडून आतले वायसर काढले. एका वायसरवर शेवाळासारखा बुळबुळीत तपकिरी थर होता, तो मी स्वतः टूथब्रशने घासला. नळ्यांत अडकलेली २२ लिटर बीअर गटारात गेली. हे काम व्हायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत नाही. पण आम्ही ते दोष शोधण्याआधी केले, तिथे चुकले.

२६ जून, गुरुवार

त्रिकोणी चाचणी. प्रत्येकाला तीन ग्लास, दोनांत एकच बीअर, एकात वेगळी. वेगळा कोणता ते सांगायचे. नुसता अंदाज केला तरी तीनात एकदा बरोबर येतोच. म्हणून नऊ जणांत किमान सहा बरोबर आले तरच फरक आहे असे म्हणायचे.

आज एकच गोष्ट बदलली. तोच जुना केग, एकदा धुतलेल्या नळीतून, एकदा थेट केगच्या तोंडातून. नऊपैकी चार बरोबर. आणि दोन्हीकडे लोणी. म्हणजे दोष नळीत नाही, केगमधल्या बीअरमध्येच आहे.

ही अर्ध्या तासाची चाचणी २२ तारखेला केली असती तर दोन दिवस वाचले असते.

२९ जून, रविवार

ब्रूअर म्हणाले, "टाकीतून काढली तर ही बीअर स्वच्छ असते. मी रोज चाखतो." मी सांगितले, चाखू नका, तापवा.

टाकीच्या सॅम्पल कॉकमधून दोन झाकणाच्या बरण्या भरल्या. एक फ्रीजमध्ये. दुसरी पातेल्यातल्या गरम पाण्यात, ६० ते ६५ अंश, थर्मामीटर धरून अर्धा तास. मग बर्फाच्या पाण्यात ठेवून दोन्ही एकाच तापमानाला आणल्या. फ्रीजमधल्या बरणीचे झाकण उघडले: मोसंबीची साल, राळ, थोडे बिस्किट. तापवलेलीचे झाकण उघडले आणि ब्रूअरनी नाक मागे घेतले. नुकत्या कढवलेल्या लोण्याचा वास बरणीतून नुसता वर आला. मावशींना बोलावले. त्यांनी दोन्ही बरण्या हुंगल्या आणि दुसरीवर बोट ठेवले. "हाच तो."

म्हणजे टाकीतल्या बीअरमध्ये लोणी नव्हते, पण लोणी होण्याची सामग्री शिल्लक होती. थंड टाकीत ती गप्प असते. केग काउंटरखालच्या कपाटात जातो, तिथे दिवसा चौदा-पंधरा अंश असतात. तिथे दहा दिवसांत तिचे लोणी होते. ग्लासात येताना कूलरमधून बीअर पुन्हा चार अंशांची होऊन येते, त्यामुळे वास नाकाला लगेच कळत नाही, फक्त "काहीतरी जड" वाटते.

१ जुलै, मंगळवार

ब्रूअरची वही घेऊन बसलो. फर्मेंटेशन (आंबणे) संपल्यावर ग्रॅव्हिटी १.०१२. मग ड्राय हॉपिंग, म्हणजे तयार होत आलेल्या बीअरमध्ये हॉप्स टाकणे, तीन दिवस. मग टाकी २ अंशांवर गार. हॉप्स टाकल्यानंतर ग्रॅव्हिटी पुन्हा मोजल्याची नोंदच नाही. फर्मेंटेशन संपले होते ना, मग पुन्हा कशाला मोजायचे? आज वायू काढून मोजली: १.००९.

म्हणजे हॉप्स टाकल्यावर फर्मेंटेशन पुन्हा सुरू झाले होते आणि कोणाला पत्ताच नव्हता. हॉप्समध्ये अशी विकरे (एन्झाइम्स) असतात जी यीस्टला न पचणाऱ्या साखरा तोडून पचणाऱ्या करतात. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ही गोष्ट १८९३ सालीच लिहून ठेवली आहे. यीस्ट पुन्हा खायला लागते, त्या ओघात डायअसेटिलची पूर्वसामग्री बनवते. आणखी काही दिवस उबेत राहू दिले तर तेच यीस्ट लोणी खाऊनही टाकते. आम्ही नेमके मधेच टाकी गार करून त्याला झोपवले आणि तळाचे यीस्ट काढून टाकले. बीअर ५.२ टक्क्यांची समजत होतो, हिशेबाने ती ५.६ ची होती.

ब्रूअर गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "उद्या नवा माल लावतो."

६ जुलै, रविवार

आषाढी, ड्राय डे. पब बंद. मी घरी बसून गुणांचा तक्ता मराठीत लिहिला. वासाच्या रकान्यात मंडळाने ११ जूनला काढलेले शब्द: मोसंबीची साल, ईडलिंबू, राळ, गवती चहा, आंब्याचा चीक, पेरू, कांदापात. माल्टसाठी: मारी बिस्किट, भाजलेला पाव, काकवी. दोषांसाठी: लोणी, उकडलेले कणीस, केळे, जळके केस, भिजका पुठ्ठा, ताक. शेवटी वेगळा प्रश्न: "दुसरा ग्लास मागवाल का?" हा मुद्दाम गुणांच्या बाहेर ठेवला. आवडणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी आहेत. एका जागी विचारल्या की माझ्यासारखी गल्लत होते.

१५ जुलै, मंगळवार

नव्या मालाच्या नोंदी एकत्र. २ तारखेला बीअर लावली, १.०५२. ८ ला १.०१२ वर हॉप्स टाकले, टाकी १९ अंशांवरच ठेवली. ११ ला १.०१०, तापवून पाहिले, लोणी ठळक. १३ ला १.००९, लोणी पुसट. आज १.००९, दोन्ही बरण्या सारख्या. मावशींकडूनही खात्री करून घेतली. आता टाकी गार करायला हरकत नाही.

याची किंमत: टाकी चार दिवस जास्त अडकली. पबला टाक्या तीनच, त्यामुळे गव्हाच्या बीअरचा पुढचा माल तेवढा लांबला आणि मालकांची नाराजी ब्रूअरना ऐकावी लागली. पाककृतीतले माल्टही थोडे वाढवावे लागणार, कारण ग्रॅव्हिटी एवढी खाली जाणार हे आता धरूनच चालायला हवे.

३१ जुलै, गुरुवार

शेवटची ठरलेली बैठक. २० तारखेला भरलेला एक केग आम्ही मुद्दाम त्याच उबदार कपाटात अकरा दिवस ठेवला होता. दुसरा टाकीतून काल भरलेला. दोन्ही थेट केगमधून, आठ अंशांवर, कोड घालून.

लोणी कोणीही लिहिले नाही. नऊ कागद मी दोनदा तपासले.

पण त्रिकोणी चाचणीत नऊपैकी सहा बरोबर आले. म्हणजे जुना आणि नवा केग अजूनही वेगळे कळतात. कागद वाचले तेव्हा कारण दिसले: कपाटातल्या केगमध्ये आंब्याचा चीक जवळजवळ गेलेला, राळ उरलेली, एकाला पुसट मध. हॉप्सचा वास उबेत उडतो. सरासरी: ताजा केग ३८, कपाटातला ३४. जूनमध्ये हेच आकडे ३५ आणि २७ होते. "दुसरा ग्लास मागवाल का" याला ताज्या केगसाठी सात हो.

कोकणातल्या मुलीने ताज्या बीअरला ३१ च दिले आणि कांदापातीच्या रकान्यात खूण केली. बाकी कोणालाच ती आली नव्हती. ब्रूअरनी सिट्राच्या पाकिटाची तारीख काढून पाहिली, उघडून बरेच आठवडे झालेले पाकीट होते. एकटीच्या कागदावरून पाककृती बदलणार नाही, पण पुढच्या मालाला नवे पाकीट फोडायचे ठरले.

केग कपाटातून शीतखोलीत हलवायचे म्हणजे नळी सात मीटरने वाढते आणि भिंतीला भोक पाडावे लागते. मालकांनी दर मागवला आहे.

आजवरचा खर्च, मजुरी सोडून: ग्लास २,२८०, फळे-भाज्या आणि इसेन्स ४५०, कॉस्टिक आणि वायसर १,१००, शिवाय ओतून दिलेली बीअर. वेळ आठ आठवडे, त्यातले जवळजवळ तीन मावशींचे बोलणे अर्धवट ऐकल्यामुळे.

२४ ऑगस्ट, रविवार

ठरलेली बैठक नव्हती. गणपती तीन दिवसांवर आले, मंडईत पपनस दिसले, एक घेऊन पबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने सुरीने जाड साल उतरवली आणि एक तुकडा बोटांत दुमडून दाबला. सालीतून बारीक तुषार उडाला. त्याने तो हुंगला, लगेच शेजारच्या ग्लासातल्या पेल एलवर नाक नेले, परत साल, परत ग्लास. मग मावशींपुढे दोन्ही धरले. त्या म्हणाल्या, "तेच की."

तक्त्यातली पहिली ओळ खोडून तिथे "पपनसाची साल" लिहिले. मोसंबी दुसऱ्या ओळीत गेली.